‘फक्त बंपर बदललाय’ म्हणून गळ्यात मारलेली गाडी

सात वर्षांची हॅचबॅक, रंग चकाचक, रनिंग कमी. एजंटने आपणहूनच सांगून टाकलं, ‘पुढचा बंपर बदललाय, बाकी गाडी अनटच.’ बारकी गोष्ट कबूल केली की मोठीबद्दल कुणी विचारत नाही, ही या धंद्यातली जुनी युक्ती. घेणाऱ्याने इंजिनचा आवाज ऐकला, एक चक्कर मारली आणि पैसे मोजले.

काही महिन्यांत पुढच्या डाव्या टायरची आतली कड गुळगुळीत झाली. अलाइनमेंट करूनही गाडी डावीकडे ओढायची. रिपोर्टमध्ये दोन्ही बाजूंच्या कॅस्टरमध्ये (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) एक अंशाहून जास्त फरक होता. बहुतेक छोट्या गाड्यांत कॅस्टर सेट करायची सोयच नसते, टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) फिरवून कॅस्टर जुळत नाही. मग एक तर चाकाला खालून धरणारा लोअर आर्म वाकलेला असतो, नाहीतर सस्पेन्शन ज्याला धरून आहे ती जागाच सरकलेली असते. इथे डावा एप्रन (बोनेटखाली चाकाच्या वरचा आतला पत्रा) कापून दुसऱ्या गाडीचा जोडला होता.

आजच्या बहुतेक गाड्यांना वेगळी चेसिस नसते, बॉडी हाच सांगाडा. समोरून धडक बसली की मोठा मार लाँग मेंबर (इंजिनच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणारी पत्र्याची तुळई) घेतो, चुरगळतो आणि केबिन वाचवतो. चुण्या पडलेला मेंबर ठोकून सरळ केला तर दिसायला ठीक, पण पुढच्या धडकेत तो कंपनीने ठरवल्याप्रमाणे चुरगळेल याचा भरवसा नाही.

हे पकडायचं कसं? बोनेट उघडा आणि इंजिनकडे नाही, कडांकडे बघा. कंपनीचे स्पॉट वेल्ड म्हणजे पाच-सहा मिलिमीटरचे गोल खळगे, साधारण सारख्या अंतरावर. दुरुस्तीच्या जागी ते नसतात किंवा पुट्टीखाली बुजलेले असतात, आणि त्याऐवजी वेल्डिंगची उंचसखल रेघ किंवा ग्राइंडरचे ओरखडे दिसतात. डावी-उजवी बाजू ताडून पाहा, दोन्हींकडे एकदम खोटं काम क्वचितच होतं. सांध्यातलं सीलर नखाने दाबा, ताजं असेल तर मऊ लागतं. फेंडर आणि बोनेटच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालेला असेल तर ते पार्ट निघाले आहेत. दाराची रबर बीडिंग ओढून पिलरची (छत पेलणाऱ्या खांबाची) कड बघा, डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीचा खड्डाही बघा. तिथे पत्रा लाटांसारखा दिसला तर मार मागून बसलाय.

रंगाची जाडी मोजायचं मीटर असेल तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन भरतो, पुट्टी असली की आकडा 500 च्या पुढेही जातो. दारावर पुन्हा रंग मारला म्हणून घाबरू नका, आपल्या रस्त्यांवर ओरखडे पडणारच. पिलर आणि एप्रनवर जाड रंग भरला तर मात्र व्यवहार सोडा.

टेप लावायला दहा मिनिटं पुरतात. स्टीअरिंग सरळ ठेवून दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा. दहा मिलिमीटरहून जास्त फरक निघाला तर गाडी रॅम्पवर चढवून खालून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही मॉडेलमध्ये कंपनीचाच थोडा फरक असतो, तेवढं मॅन्युअलमध्ये तपासा.

इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो. दुसऱ्या एखाद्या दिव्याबरोबरच विझत असेल तर वायर त्याला जोडली असण्याची शक्यता आहे, कारण फुटलेल्या एअरबॅग बदलण्यापेक्षा हा जुगाड फार स्वस्त पडतो.

कागदांमध्ये मागच्या दोन-तीन वर्षांच्या विमा पॉलिसी मागा. तोच मालक असताना नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) 35 किंवा 45 टक्क्यांवरून एकदम शून्यावर आला असेल तर क्लेम कशाचा होता ते विचारा आणि वर्कशॉपचं बिल बघा. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते. अशा गाड्या भंगाराच्या भावाने उचलून पुन्हा उभ्या करणारे आहेतच.

‘ढाच्याला मार नाही’ हे एजंटकडून विक्रीच्या कागदावर सहीनिशी लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा. प्रकरण ग्राहक आयोगात न्यायचं झालं तर तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि तिथे तोंडी ‘अनटच’ला फारशी किंमत नसते.