चार मुळांचा काढा की आयबुप्रोफेन?

तैवानमध्ये पाळीचा विषय निघाला की घरातल्या बायका ‘सी-वू थांग’चं नाव घेतात. शब्दशः ‘चार वस्तूंचा काढा’: तांग-क्वेई, छुआन-शुंग, पांढरी शाओ-याओ आणि शिजवून काळं केलेलं रहमानियाचं मूळ. चीनच्या सोंग राजवटीतल्या सरकारी औषधसंग्रहात तो नोंदलेला आहे. कोंबडीच्या सुपातही घालतात. गंमत अशी, की पोट दुखत असताना तो सहसा घेतच नाहीत. पाळी संपल्यावर काही दिवस प्यायचा. गेलेलं रक्त भरून काढणं हा त्यामागचा विचार. म्हणजे आज रात्री कळा येत असतील तर तो कामाचा नाही.

आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीचं उलट. गर्भाशयाला आवळायला लावणारी प्रोस्टाग्लँडिन्स तयार होणंच ते रोखतं, म्हणून कळ सुरू होताच, पोटात काहीतरी घालून घ्यावं. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

आणि पुरावा? २००८च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अभ्यास) चिनी वनौषधींच्या ३९ चाचण्या आणि ३४७५ स्त्रिया होत्या. निकाल आशादायक, पण चाचण्यांचा दर्जा कच्चा. गोळीचा पुरावा त्याहून कितीतरी भक्कम.

मी कळांसाठी गोळीच निवडेन, सूप चवीसाठी. मात्र वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर तांग-क्वेई नकोच, रक्तस्राव वाढू शकतो. आणि दुखणं महिन्यागणिक वाढतच असेल तर एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) नाही ना, हे आधी तपासून घ्यावं.