टॅगलिश एकटी पुरे, की सोबत बिसायाही? फिलिपिन्ससाठी जाहिरातीची भाषा ठरवताना

फिलिपिन्समध्ये डिजिटल जाहिरात करू पाहणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्यांमध्ये इंग्रजी ठेवावी की स्थानिक भाषा, हा वाद पहिल्याच बैठकीत होतो आणि बहुधा तिथेच मिटतो. निव्वळ इंग्रजी मजकूर बँकेच्या पत्रासारखा वाटतो, हे कोणीही सांगते. अडचण त्यापुढे सुरू होते. मनिलात तयार होणारी टॅगलिश, म्हणजे तागालोग आणि इंग्रजीची रोजच्या बोलण्यातली सरमिसळ, देशभर चालवावी, की सेबू, बोहोल, दावाओ, कागायान दे ओरो या भागांसाठी तिथल्या सेबुआनोत, लोकांच्या शब्दांत सांगायचे तर बिसायात, मजकूर वेगळा लिहून घ्यावा? मी दोन्ही मार्गांनी काम केले आहे आणि दोन्हींच्या बाजूने प्रामाणिकपणे बोलता येईल, असे मला वाटते.

टॅगलिशची बाजू पुष्कळ भक्कम आहे. तागालोगवर आधारलेली फिलिपिनो 1987च्या राज्यघटनेनुसार राष्ट्रभाषा आहे आणि शाळा व दूरचित्रवाणी यांमुळे ती सेबूतही समजते. मनिलात चांगले लिहिणारे सहज मिळतात, मंजुरी एकदाच घ्यावी लागते आणि बजेटचे तुकडे पडत नाहीत. शिवाय मोहिमेचे वेळापत्रक ज्या गोष्टींवर बेततात त्या दोन्हीकडे सारख्याच आहेत. पगार पंधरा तारखेला आणि महिनाअखेरीस होतो. त्याआधीच्या खडखडाटाच्या दिवसांना लोक ‘पेत्सा दे पेलिग्रो’, म्हणजे धोक्याच्या तारखा म्हणतात आणि त्या दिवसांत महागडी वस्तू दाखवण्यात अर्थ नसतो. सप्टेंबर लागला की नाताळचे वारे वाहू लागतात. 24 डिसेंबरपर्यंत तेराव्या महिन्याचा पगार कायद्यानेच हातात पडतो. एवढे सगळे समान असताना भाषेसाठी दुप्पट खटाटोप कशाला, हा ग्राहक कंपनीचा प्रश्न रास्त आहे, आणि काही वर्षांपूर्वी मीही तोच विचारत असे.

माझे मत एका शब्दाने बदलले. घरगुती पंख्यांची एक योजना होती : जुना पंखा आणून द्या आणि नव्यावर पाचशे पेसोंची सूट मिळवा. मनिलातल्या लेखकाने ठसठशीत अक्षरांत ‘पालित’ हा शब्द घेतला, त्याखाली 500चा आकडा टाकला आणि ‘सूट’ हा शब्द बारीक अक्षरांत कोपऱ्यात गेला. तागालोगमध्ये ‘पालित’ म्हणजे अदलाबदल. सेबुआनोत ‘पालित’ म्हणजे विकत घेणे. मनिलात ज्याने ‘बदलून घ्या’ असे वाचले, त्याच चित्रात सेबूच्या माणसाने ‘विकत घ्या, पाचशेला’ असे वाचले, आणि त्याचे काहीही चुकले नव्हते. लोक पाचशेची नोट घेऊन दुकानात गेले, दुकानदाराने हात वर केले आणि मेसेंजरचा इनबॉक्स संतापाने भरून गेला. योजनेच्या अटी सरकारी परवान्यात नोंदलेल्या होत्या (विक्रीयोजनांना तिथल्या व्यापार व उद्योग विभागाचा परवाना लागतो आणि त्याचा क्रमांक जाहिरातीवर छापावा लागतो), त्यामुळे ऐनवेळी अटींना हात लावणे शक्य नव्हते. आम्ही जाहिरात उतरवली आणि आठवडाभर एकेकाची समजूत काढत बसलो. तीही तागालोगमधून, कारण आमच्याकडे दुसरे कोणी नव्हते.

त्या उत्तरांनी आगीत तेलच ओतले. प्रत्येक वाक्यात तागालोगचा आदरार्थी ‘पो’ होता आणि सेबुआनोत असा शब्द नाही. वाक्यागणिक ‘जी’ ऐकू आले की समोरचा कुठून बोलतो आहे हे मराठी माणूस (वऱ्हाडचा अपवाद सोडून) ताडतो, तसाच काहीसा तो प्रकार होता. ‘साम्राज्यवादी मनिला’, म्हणजे बाकी देशावर आपलेच लादणारी राजधानी, हा शब्दप्रयोग तिकडे गमतीत आणि गंभीरपणे, दोन्ही प्रकारे वापरला जातो. आम्ही त्याचा जिवंत नमुना ठरलो.

अशा जोड्या पुष्कळ आहेत. ‘पिला’ म्हणजे तागालोगमध्ये रांग आणि सेबुआनोत ‘किती?’; ‘दाआन’ इकडे रस्ता, तर तिकडे जुने. ‘लिबोग’बद्दल एवढेच सांगतो की सेबुआनोत त्याचा अर्थ गोंधळ असा होतो आणि तागालोगमधला अर्थ कुटुंबासाठीच्या जाहिरातीत बसणारा नाही. आमच्या योजनेसाठी सेबूत ‘बायलो’ हा शब्द हवा होता. तो सुचवायला तिथला एक माणूस पुरला असता.

बिसायाचा मार्ग सोपा आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. जाहिरातीचा मजकूर लिहू शकणारे सेबुआनो लेखक शोधावे लागतात. शुद्धलेखनाचे एकमत नाही. ‘खूप’ या अर्थाचा ‘काआयो’ जाहिरातीत पूर्ण लिहावा की तरुण मंडळी लिहितात तसा तोडून, यावर माझ्यासमोर दोन सेबूकरांनी तासभर वाद घातला आहे. पुण्यातल्या कार्यालयात तो मजकूर तपासू शकेल असे कोणी नसते, म्हणून विश्वास टाकावा लागतो. भाषेनुसार प्रेक्षक निवडण्याची सोयही फारशी कामी येत नाही, कारण पुष्कळांचे फोन इंग्रजीतच असतात. त्यामुळे निवड प्रदेशानुसारच करावी लागते. त्यातही इलोइलो आणि बाकोलोदची हिलिगायनोन वेगळी, सामार आणि पूर्व लेतेची वाराय वेगळी. विसायास, म्हणजे देशाच्या मधल्या भागातल्या, सगळ्या बेटांना एकच बिसाया लावली की मनिलाची चूक आपण सेबूहून करतो.

तरीही कौल द्यायचा झाला तर माझा कल दोन मजकुरांकडे आहे. आपले गिऱ्हाईक मनिला आणि आसपासच्या प्रांतांपुरते असेल, तर टॅगलिश पुरेशी आहे आणि उगाच खर्च वाढवू नये. पण माल सेबू-दावाओत पोहोचत असेल, तर चित्रे आणि वेळापत्रक समान ठेवून निदान मुख्य ओळ, किमतीची ओळ आणि इनबॉक्समधली उत्तरे सेबुआनोत असावीत; जानेवारीतला सिनुलोग आणि ऑगस्टमधला कादायावान हे उत्सव साधायचे असतील तर हा मजकूर लागतोच. आमच्याकडे वेगळ्या मजकुरानंतर विक्री किती वाढली, ते मी मोजलेले नाही. एवढेच सांगू शकतो की सेबूहून येणारे संदेश आता भांडणाने सुरू होत नाहीत, ‘तागपिला?’, म्हणजे ‘केवढ्याला?’, या प्रश्नाने सुरू होतात. बजेट आखताना सेबूच्या लेखिकेचे मानधन मी हल्ली पहिल्या ओळीत लिहितो, कारण शेवटच्या ओळीत लिहिलेले ग्राहक कंपनी हमखास कापते.