ट्रेनिंगपीक्स प्रीमियम: फुल आयर्नमॅनच्या टेपरसाठी पैसे घालावेत का?

आधीच सांगते, हा अख्ख्या ट्रेनिंगपीक्सचा (वर्कआउट नोंदवायचं आणि प्लॅन करायचं अ‍ॅप) रिव्ह्यू नाहीये. मी फक्त त्यातल्या परफॉर्मन्स मॅनेजमेंट चार्टबद्दल लिहितेय, ज्याला सगळे पीएमसी म्हणतात, आणि तोही रेसच्या आधीच्या टेपरमध्ये, म्हणजे ट्रेनिंग कमी करत आणतात त्या शेवटच्या दिवसांत, किती कामाला येतो एवढ्यापुरतंच. वर्कआउट साठवायला आणि कोचने टाकलेला प्लॅन बघायला फ्री अकाउंट पुरतं. पीएमसी मात्र प्रीमियममध्येच मिळतो आणि पैसे डॉलरमध्ये जातात, म्हणून आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपवर दर सीझनला कोणीतरी विचारतंच की घेऊ का नको. मी मलेशियातल्या लंगकावीच्या फुल आयर्नमॅनच्या आधी (३.८ किमी स्विम, १८० किमी सायकल, ४२.२ किमी रन) सगळा टेपर हा चार्ट समोर ठेवून केला. माझं मत असं की टेपरसाठी तो नक्की घ्यावा, पण त्यात काय दिसत नाही हे नीट समजून घेऊनच.

ज्यांनी कधी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक वर्कआउटला एक टीएसएस (ट्रेनिंग स्ट्रेस स्कोअर) मिळतो, तुमच्या थ्रेशोल्डला, म्हणजे साधारण तासभर टिकेल अशा जास्तीत जास्त जोराला, एक तास केलात तर १००. त्याची साधारण ४२ दिवसांची सरासरी म्हणजे निळी रेष, फिटनेस, तिला सीटीएल म्हणतात. सात दिवसांची सरासरी म्हणजे गुलाबी रेष, थकवा, म्हणजे एटीएल. सीटीएलमधून एटीएल वजा केला की पिवळी रेष, फॉर्म, म्हणजे टीएसबी. ट्रेनिंग जोरात असतं तेव्हा फॉर्म मायनसमध्ये असतो, टेपर सुरू झाला की वर यायला लागतो, आणि रेसच्या दिवशी तो साधारण +१५ ते +२५ च्या मधे असावा असं जो फ्रील सांगतात (ट्रेनिंगपीक्स सुरू करणाऱ्यांपैकीच ते एक).

आता खरी मजा इथे आहे की पुढच्या दिवसांचे वर्कआउट टीएसएससकट टाकून ठेवले की चार्ट पुढचाही काढून दाखवतो, तुटक रेषेत. म्हणजे टेपर सुरू करायच्या आधीच दिसतं की रेसच्या सकाळी आपण कुठे असू. एक उदाहरण देते. समजा सीटीएल ९० आहे, एटीएल १००, आणि पुढचे दोन आठवडे रोजचा सरासरी टीएसएस ५० वर आणला. चौदा दिवसांनी सीटीएल ७९ च्या आसपास, एटीएल ५७ च्या आसपास, म्हणजे फॉर्म +२२. बघा, थकवा १०० वरून ५७ वर आला आणि फिटनेस फक्त ११ पॉइंटनी उतरला. हे डोळ्यासमोर आकड्यात दिसणं फार मोठी गोष्ट आहे, कारण टेपरमध्ये आपल्या सगळ्यांना एकच भीती असते, की केलेलं सगळं पाण्यात जाणार. महिनोन्‌महिने पहाटे उठून पन्हाळ्याचा चढ, हायवेवरच्या लाँग राइड, रंकाळ्याला फेऱ्या, आणि मग अचानक कोच सर म्हणतात आज फक्त चाळीस मिनिटं. हातपाय शिवशिवतात, गुडघा उगीचच दुखल्यासारखा वाटतो, घरच्यांवर चिडचिड होते. अशा वेळी चार्ट उघडला की मन शांत होतं. मी त्या काळात तो रोज बघायचे आणि मला त्याचा खराखुरा उपयोग झाला.

आणि नुसत्या मनाच्या शांततेचा प्रश्न नाही, टेपरमागे शास्त्र भक्कम आहे. २००७ साली बॉस्के या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेपरवरचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात सगळ्यात चांगला निकाल दोन आठवड्यांच्या टेपरला आला, आणि तोही ट्रेनिंगचा व्हॉल्यूम (एकूण वेळ किंवा अंतर) ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करून, पण इंटेन्सिटी (जोर) आणि आठवड्यातले सेशन तसेच ठेवून. मुहिका आणि पादिया या संशोधकांच्या लिखाणात टेपरने परफॉर्मन्स साधारण ३ टक्के सुधारतो असं आहे. १३ तासांच्या रेसमध्ये ३ टक्के म्हणजे वीस मिनिटांच्या वर, एवढा फरक महागड्या चाकांनी पण पडत नाही.

पण वरचं वाक्य परत वाचा: इंटेन्सिटी तशीच ठेवून. आणि नेमकं हेच पीएमसीमध्ये दिसत नाही.

दोन तासांची आरामशीर राइड घ्या, इंटेन्सिटी फॅक्टर (थ्रेशोल्डच्या तुलनेत किती जोर) ०.६५. टीएसएस येतो साधारण ८४. आता सव्वा तासाची राइड घ्या ज्यात मधे चांगले दमदार इंटरव्हल आहेत, इंटेन्सिटी फॅक्टर ०.८२. टीएसएस परत ८४. चार्टला दोन्ही सारखेच! टेपरसाठी मात्र दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण पहिलीत तुम्ही वेळ घालवला आणि दुसरीत व्हॉल्यूम कमी करून पायांना वेगाची आठवण ठेवली. अजून पुढे जाऊन बघा, त्याच ९०/१०० वरून दोन आठवडे काहीच केलं नाही, नुसतं झोपून राहिलात, तर फॉर्म +५० च्या वर जातो. आकडा बघून वाटेल काय जबरदस्त फ्रेश! पण असा माणूस स्टार्टला उभा राहतो तेव्हा पाय जड असतात आणि पहिल्या अर्ध्या तासातच हार्टरेट नको तिथे गेलेला असतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, +२५ ला पोचायचं म्हणून वर्कआउट उडवू नका. सेशन तेवढेच ठेवा, प्रत्येक सेशन छोटं करा, आणि त्यात थोडा तरी भाग रेसच्या किंवा त्याच्या वरच्या जोराचा असू द्या. आमच्या सरांनी शेवटच्या आठवड्यातसुद्धा सायकलवर दोन-तीन मिनिटांचे तुकडे ठेवले होते आणि त्यानेच अंगात जान राहिली.

दुसरी गोष्ट रनिंगची. पीएमसीमध्ये तिन्ही खेळांचा टीएसएस एकत्र मिसळतो. सायकलचे १५० आणि रनचे १५० त्याला एकच. ज्यांनी डांबरावर तीस किमी रन केलाय त्यांना विचारा, सायकलचा थकवा दोन दिवसांत जातो, रनमध्ये मांड्यांना बसलेला मार आठवडाभर बोलतो. त्यामुळे शेवटची लाँग रन तीन आठवडे आधी उरकायची, लाँग राइड त्यानंतर केली तरी चालते, आणि स्विमिंग सगळ्यात शेवटपर्यंत चालू ठेवायचं कारण पाण्यातला अंदाज चार दिवसांत जातो. खेळानुसार वेगळा चार्ट लावता येतो, तो लावाच, रनची गुलाबी रेष स्वतंत्र बघितली की कळतं.

आणि आकडे मुळात बरोबर असायला हवेत. एफटीपी (सायकलवरचा तुमचा थ्रेशोल्ड, वॅटमध्ये) जुना असेल तर सगळं गणित फसतं, खरा २०० वॅट असताना सेटिंगमध्ये १८० राहिला तर प्रत्येक राइडचा टीएसएस २३ टक्के फुगतो. ज्यांच्याकडे सायकलवरचा जोर मोजणारा पॉवर मीटर नाही (आपल्याकडे बहुतेकांकडे नसतोच, किंमती बघता) त्यांचा सायकलचा टीएसएस हार्टरेटवरून निघतो, आणि लंगकावीची रेस नोव्हेंबरात म्हणजे आपला शेवटचा मोठा ब्लॉक बरोबर ऑक्टोबर हीटमध्ये येतो. उन्हात हार्टरेट तसाच वर चढतो, तेवढ्याच जोराला जास्त टीएसएस दिसतो, आणि सीटीएल आहे त्यापेक्षा छान वाटायला लागतो. टेपरच्या आधी एकदा नीट टेस्ट करून थ्रेशोल्ड अपडेट करणं हे प्रीमियम घेण्याइतकंच महत्त्वाचं समजा. अजून एक, पुढचे वर्कआउट टाकताना नुसता वेळ टाकलात आणि टीएसएस रिकामा ठेवलात तर तुटक रेष चुकीची येते, त्या दिवशी तुम्ही काहीच करणार नाही असं धरून ती चालते.

मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे रंग, आणि हे फ्री अकाउंटमध्येही आहेत. प्लॅनच्या ८० ते १२० टक्क्यांत वर्कआउट झाला तर हिरवा, त्यापेक्षा कमी केला तर पिवळा, पण जास्त केला तरी पिवळाच, आणि निम्म्याच्या खाली राहिलात किंवा दीडपटीच्या वर गेलात की नारिंगी. म्हणजे जास्त केल्याचं कौतुक नाही! टेपरमध्ये ग्रुपसोबत जोतिबाला जाऊ म्हणून निघालेला माणूस तासाची राइड तीन तासांची करून येतो तेव्हा कॅलेंडरवर तो नारिंगी चौकोन त्याला दिसायलाच हवा.

आता अ‍ॅपच्या आवाक्याबाहेरचं. लंगकावीची रेस दिवाळीच्या आगेमागे येते, म्हणजे टेपर आणि फराळ एकदमच. व्हॉल्यूम अर्ध्यावर आलेला, घरात चकल्या, शेव, शंकरपाळ्यांचे डबे, आणि आई म्हणते एवढी सायकल चालवतेस, खा की. खा, पण शेवटच्या दोन दिवसांत तळलेलं आणि तांबडा रस्सा दोन्ही लांब ठेवा. त्या ३६ ते ४८ तासांत वजनाच्या किलोमागे रोज १० ते १२ ग्रॅम कार्ब सांगतात, ५५ किलोच्या बाईला साडेपाचशे ग्रॅमच्या वर झाले, ते नुसत्या भाताने होत नाही. पांढरा भात, केळी, गूळ घातलेली साबुदाण्याची खीर, सरबत असं दिवसभर थोडं थोडं चालू ठेवलं तर जमतं. वजन किलो-दीड किलो वाढेल, घाबरू नका, स्नायूत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनसोबत तीनेक ग्रॅम पाणी पण साठतं, आणि त्या दमट हवेत ते लागतंच.

प्रवासाचंही तसंच. कोल्हापूर ते मुंबई रात्रीचा प्रवास, मग क्वालालंपूर, मग लंगकावी, सोबत सायकलचा बॉक्स, त्या दिवसाचा टीएसएस शून्य म्हणून चार्ट फॉर्म वर दाखवतो पण शरीराला तो दिवस विश्रांतीचा नसतो. म्हणून रेसच्या तीन-चार दिवस आधी तिथे पोचा. मलेशिया आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, तिथले सकाळचे साडेसात म्हणजे आपले पहाटेचे पाच, त्यामुळे टेपरमध्येच रात्री लवकर झोपायची आणि पहाटे लवकर खाऊन पोट मोकळं व्हायची सवय लावून घ्या, व्हॉल्यूम कमी झाल्याने वेळ असतोच.

पैसे घालायचे नसतील तर इंटरव्हल्स डॉट आयसीयू बघा, फ्री आहे, फिटनेस-थकवा-फॉर्म हे तिन्ही तिथे मिळतं, पुढचं प्लॅनिंगही करता येतं, आणि खरं सांगायचं तर गणित तेच आहे. दिसायला जरा गजबजलेलं, नव्या माणसाला पहिल्यांदा बुजल्यासारखं होतं. जे स्वतःचं प्लॅनिंग स्वतः करतात आणि ज्यांना कॉम्प्युटरवर बसायची आवड आहे त्यांनी तेच वापरावं. पण तुमचा कोच ट्रेनिंगपीक्सवर प्लॅन टाकत असेल तर दोन ठिकाणी माहिती ठेवण्यात अर्थ नाही, प्रीमियम घ्या, कारण टेपरमध्ये कोच आणि तुम्ही एकच चार्ट बघत बोलणं हे फार सोपं पडतं. "सर, रविवारची राइड अर्धा तास कमी केली तर?" असं विचारलं की ते आकडा बदलतात आणि रेसच्या दिवसाचा फॉर्म तिथल्या तिथे दिसतो.

वर्षाचं लगेच घेऊ नका. महिन्याचं घ्या, रेसच्या साधारण दोन महिने आधीपासून, म्हणजे शेवटचा बिल्ड (जोरदार ट्रेनिंगचा टप्पा), टेपर आणि रेस एवढं त्यात बसतं. मात्र घड्याळातला डेटा त्याच्या बऱ्याच आधीपासून अकाउंटला जोडलेला असू द्या, किमान तीन-चार महिने, कारण सीटीएल हा ४२ दिवसांवर चालतो आणि मागचा डेटा नसेल तर निळी रेष खोटी खालून सुरू होते आणि फॉर्मचा आकडा काहीच सांगत नाही. हाफ किंवा ऑलिम्पिक अंतर (दोन्ही फुलपेक्षा छोट्या रेस) करणाऱ्यांनी, विशेषतः पहिल्यांदाच करणाऱ्यांनी, प्रीमियमचे पैसे एका चांगल्या बाइक फिटवर, म्हणजे सायकल आपल्या अंगाला बसवून घेण्यावर, घालावेत. फुल करणाऱ्यांना मात्र मी घ्याच म्हणेन.