‘कार्टून’ म्हणणाऱ्या मोठ्यांसाठी पहिला ॲनिमे: काय लावावं, काय टाळावं

सोलापुरातल्या घरात मोठ्या माणसासमोर ॲनिमेचं, म्हणजे जपानी ॲनिमेशनचं, नाव काढलं की उत्तर ठरलेलं असतं: “ते पोरांचं कार्टून व्हय?” वाद घालू नका. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर बघितलेला मोगली जपानी होता, एवढंच सांगा. निप्पॉन ॲनिमेशनची १९८९ची ५२ भागांची मालिका ती. हिंदी आवाज नंतर चढले. म्हणजे काका-मामांनी ॲनिमे बघून झालेला आहे, फक्त त्यांना नाव माहीत नाही.

निवड करताना तुमचा आवडता ॲनिमे बाजूला ठेवा आणि समोरचा माणूस रात्री जेवताना टीव्हीवर काय लावतो ते बघा.

पोलिसी तपासाच्या मालिका बघणाऱ्यांसाठी आमची पहिली पसंती ‘मॉन्स्टर’. ड्युसेलडॉर्फच्या हॉस्पिटलात काम करणारा जपानी मेंदूतज्ज्ञ, डॉ. टेन्मा. परमुलखात गेलेल्या डॉक्टरची गोष्ट डॉ. कोटणीसांच्या गावाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पहिल्या भागात मारामारी नाही, जादू नाही. आधी आलेला तुर्की कामगार तसाच राहतो, वरिष्ठांच्या हुकमामुळे टेन्मा नंतर आलेल्या प्रसिद्ध गायकाचं ऑपरेशन करतो, आणि कामगाराची बायको त्याला जाब विचारते. तेवढ्या प्रसंगावर मोठं माणूस सरळ होऊन बसतं. दोष लांबीचा: ७४ भाग, मधे बरीच उपकथानकं. म्हणून आकडा आधी सांगू नका, रोज २ भागांवर थांबा.

‘डेथ नोट’ (३७ भाग) जास्त वेगानं पकडतो, पण वहीत नाव लिहिलं की माणूस मरतो हा नियम आणि सफरचंद खाणारा यमदूत पहिल्याच भागात पचवावा लागतो. ज्यांना भुताखेताच्या मालिका चालतात त्यांना चालेल. २५व्या भागानंतर पकड सैल होते, तिथे कंटाळले तर आग्रह करू नका.

आयांसाठी, आणि शेतीशी नाळ असलेल्या कुणासाठीही, ‘वुल्फ चिल्ड्रन’ (२०१२, ११७ मिनिटं). नवरा गेल्यावर दोन पोरं घेऊन डोंगरातल्या पडक्या घरात राहायला आलेली बाई. पुस्तकं वाचून भाजी लावते, रोपं माना टाकतात. मग तिरसट शेजारी म्हातारा येऊन माती कशी करायची, बटाटे कसे लावायचे ते दाखवतो. मंगळवेढ्याकडची शेती बघितलेला माणूस इथे आपणहून बोलायला लागतो. एक सावधगिरी: बाप माणूस-लांडगा आहे आणि सुरुवातीलाच दोघांच्या जवळिकीचा छोटा प्रसंग येतो. पुढच्या खोलीत आजी-आजोबा बसलेले असतील तर आधी एकट्यानं बघून ठेवा. हा नियम प्रत्येक शीर्षकाला लावा. घरात ॲनिमे बंद पडतो तो बहुतेकदा असल्या एका दृश्यामुळे.

‘प्लूटो’ (२०२३, नेटफ्लिक्स) ८ भागांचा, प्रत्येक भाग साधारण तासाचा. यंत्रमानवांच्या खुनांचा तपास. पहिल्या भागातला पियानो शिकू पाहणारा युद्धातला यंत्रमानव आणि त्याला झिडकारणारा आंधळा संगीतकार, एवढ्यासाठी तरी लावावा.

जपानी दिग्दर्शक युगो साको यांचं ‘रामायण’ जानेवारी २०२५मध्ये हिंदी, तेलुगू, तमिळ आवाजात थिएटरात आलं होतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांत हा सर्वांत सोपा दरवाजा. पण दरवाजाच, “रामायण होतं म्हणून बघितलं” म्हणून माणूस तिथेच थांबतो.

पहिल्या बैठकीला टाळायचे दोन, आणि दोन्ही उत्तम आहेत. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ ८९ मिनिटांचाच आहे, पण इतका दुःखद की त्यानंतर महिनाभर कुणी दुसरा लावू देत नाही. ‘स्पिरिटेड अवे’ला ऑस्कर आहे हे खरं, मात्र आईबाप डुक्कर का झाले याचं उत्तर लगेच मागणाऱ्याला तो चिडवतो. ‘वन पीस’चं तर नावच नको, हजारावर भाग. “पुढे छान होतं” हे वाक्य तोंडून निघालं की बाजी गेली.

आता टीव्ही. माणूस उठून जातो तो चित्रामुळे कमी, खाली पळणाऱ्या इंग्रजी ओळींमुळे जास्त. आमटीत कडक भाकरी कुस्करताना नजर ताटात असते, तेवढ्यात दोन ओळी गेलेल्या असतात. जेवताना लावायचं तर हिंदी आवाज असलेलंच लावा, आणि तो आवाज सगळ्या भागांना आहे का ते आधी तपासा. जेवणानंतर मूळ जपानी आवाज चालेल. चाळिशीपुढच्या डोळ्यांसाठी सबटायटलचा आकार मोठा करा. नेटफ्लिक्सवर ते प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये होतं.

दुसरी खोडी टीव्हीच्या ‘स्मूथ’ चित्राची. ॲनिमेत चित्र बऱ्याचदा सेकंदाला ८ किंवा १२ वेळाच बदलतं. टीव्ही मधल्या जागा स्वतः बनवून भरतो, मग हात हलला की कडा पुसट होतात आणि सगळं पाण्यात हलल्यासारखं दिसतं. एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो, सॅमसंगवर पिक्चर क्लॅरिटी या नावानं ते असतं, बंद करा.

वीस मिनिटांत हात मोबाइलकडे गेला तर तिथेच थांबवा, “एवढं तरी बघा” म्हणू नका. पुढच्या रविवारी दुसरं शीर्षक, आणि तेही दुपारच्या झोपेनंतर, चहासोबत.