जाळी टिकली, बांधणीने दगा दिला: चेनलिंक कुंपण, एका पावसाळ्यानंतर

दापोलीच्या बागेला चेनलिंक, म्हणजे एकात एक गुंफलेल्या तारांच्या जाळीचं कुंपण, घालून एक पावसाळा झाला. जुलैत फणसाची फांदी कोसळली आणि खांबांमधले चार गाळे आडवे. ज्याने काम केलं त्याला फोन केला, तर न बघताच म्हणतो, "काका, रिपेअरिंगच्या नादाला लागू नका, नवीनच घाला." अंदाज 38 हजार!

जाळीबद्दल तक्रार नाही. 10 गेज, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरची तार. (12 गेज बरेचदा 10 म्हणून गळ्यात मारतात. ती 2.64 भरते, कॅलिपर लावून बघा.) एवढी फांदी झेलूनही तुटल्या पाच-सहाच तारा. आणि चेनलिंकची प्रत्येक तार सुटी असते. वरखालची मुडपलेली टोकं पक्कडीने उघडायची, तुटलेली तार स्क्रूसारखी फिरवत काढायची, नवीन तशीच फिरवत घालायची. सांधा दिसतसुद्धा नाही.

माझा राग आहे तो बांधणीच्या तारेवर. जाळी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, आणि अँगलला (लोखंडी खांबांना) बांधली कशाने? स्लॅबच्या सळ्या बांधतात त्या काळ्या बाइंडिंग वायरने! तिला तो मुलामा नसतोच. खाऱ्या हवेत आणि कोकणच्या पावसात ती किती टिकणार? बोटाने दाबली तरी भुगा होत होती. फांदीने फक्त निमित्त केलं, बांध आधीच सुटले होते. हजारोंच्या कामात तारेचे शे-दोनशे वाचवायचे, वर आम्हालाच ऐकवायचं, "समुद्राच्या हवेला इलाज नाही."

इथपर्यंत माझं मत पक्कं होतं: नवीन काही घ्यायचं नाही. मग गवत बेणून अँगलची बुडं पाहिली. काँक्रीट संपतं तिथे खळगा, त्यात पाणी साचून लोखंडाचे पापुद्रे सुटलेले. दोन ठिकाणी स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. तेव्हा वाकलेले आणि कुजलेले अँगल काढून सिमेंटचे पोल घातले. बाकीच्यांच्या बुडाशी उतार देऊन पाणी बाहेर काढलं आणि गंज रोखणारा रेड ऑक्साइड मारला. बांधणी सगळी जीआय तारेने, माझ्या डोळ्यांदेखत. मजुरीसकट साडेनऊ हजार.

शेजारचे तात्या म्हणतात, चिऱ्याचा गडगा घाल, नातवंडं बघतील. बघतील हो, पण चिरा आणि गवंडी कोणाच्या खिशातून?

खालची तान तार, म्हणजे जाळीच्या बुडाशी ताणून बांधायची तार, तेवढी राहिली आहे. रानडुकरं तिथूनच मुसंडी मारतात, म्हणून दसऱ्याआधी तीही ओढून घेणार. अर्थात दुसऱ्या माणसाकडून.