लेखी कराराशिवाय सेल्सची नोकरी: शब्दावर रुजू व्हावं, ईमेलवर पक्कं करावं, की कागदासाठी थांबावं?

‘सोमवारपासून या, लेटर नंतर देतो’ असं ऐकल्यावर उमेदवार बहुतेक वेळा एकच विचार करतो: पगार बुडणार नाही ना? पगार सहसा बुडत नाही. तो ठरलेल्या तारखेला खात्यात येतो, आकडा दोन्ही बाजूंना माहीत असतो आणि कमी पडला तर पहिल्याच महिन्यात कळतं. सेल्समध्ये भांडण होतं ते कमिशनवरून, आणि तेही चार-सहा महिन्यांनी. तोवर मोठी ऑर्डर येऊन गेलेली असते आणि ज्या मॅनेजरने शब्द दिला तो कदाचित दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

म्हणून निर्णय दोन गोष्टी बघून घ्यावा. तुमच्या एकूण कमाईतला किती हिस्सा विक्रीवर अवलंबून आहे? आणि विक्री झाल्यापासून तो हिस्सा हातात पडायला किती महिने लागणार आहेत? या दोन उत्तरांवर पुढच्या तीनपैकी कोणता मार्ग परवडेल ते ठरतं: नुसत्या शब्दावर रुजू होणं, रुजू होण्याआधी सगळ्या अटी स्वतः ईमेलने पाठवून होकार घेणं, किंवा सही झालेलं नेमणूकपत्र आणि कमिशनची योजना हातात येईपर्यंत थांबणं.

कायदा कोणाच्या बाजूने?

तोंडी ठरलेली नोकरी बहुतेक देशांत वैध करारच असते. तुम्ही काम केलं आणि त्यांनी पगार दिला, की नोकरी नव्हतीच असं म्हणणं मालकाला अवघड जातं. अडचण येते ती नेमक्या अटी सिद्ध करताना.

कागद देणं ही अनेक ठिकाणी मालकाचीच जबाबदारी आहे, हे लक्षात ठेवलं तर तो मागताना संकोच वाटणार नाही. ब्रिटनमध्ये 6 एप्रिल 2020 पासून मुख्य अटींचं लेखी निवेदन कामाच्या पहिल्या दिवशीच द्यावं लागतं. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशानुसार पगारासह मूलभूत माहिती पहिल्या सात दिवसांत लेखी मिळायला हवी. कॅलिफोर्नियात कमिशनवर काम करणाऱ्यांसाठी 2013 पासून लेखी करार बंधनकारक आहे आणि कमिशन कसं मोजायचं, कसं द्यायचं हे त्यात असावं लागतं. न्यूयॉर्कचा नियम विक्रेत्याच्या जास्त बाजूने आहे: कामगार आयुक्तांनी मागूनही मालकाला लेखी अटी दाखवता आल्या नाहीत, तर विक्रेत्याने सांगितलेल्या अटीच ठरल्या होत्या असं गृहीत धरलं जातं. भारतात औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना नेमणूकपत्र देण्याची तरतूद 1976 च्या विक्री प्रोत्साहन कर्मचारी कायद्यात होती. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आली आणि ती लागू असलेल्या आस्थापनांत आता प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र द्यावं लागतं.

तरीही नेमणूकपत्र मिळालं म्हणजे कमिशन सुरक्षित झालं असं नाही. पुष्कळ पत्रांत त्याबद्दल एकच ओळ असते: ‘इन्सेंटिव्ह कंपनीच्या धोरणानुसार.’ ते धोरण वेगळ्या कागदावर असतं, आणि तो कागद मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

कमिशन कुठे अडकतं

पहिला प्रश्न: कमिशन ‘कमावलं’ असं नेमकं कधी धरायचं? ऑर्डर आली तेव्हा, बिल फाटलं तेव्हा, की ग्राहकाचे पैसे जमा झाले तेव्हा? समजा, जानेवारीत ऑर्डर आली, फेब्रुवारीत बिल झालं, एप्रिलमध्ये वसुली झाली आणि तुम्ही मार्चमध्ये नोकरी सोडली. ऑर्डरवर कमिशन असेल तर ते जानेवारीतच तुमचं झालं. वसुलीवर असेल तर तुम्ही गेलात तेव्हा ते देय झालंच नव्हतं, आणि ‘आता तुम्ही रोलवर नाही’ हे उत्तर तयार असतं. तोंडी बोलण्यात हा मुद्दा जवळपास कधीच निघत नाही, कारण रुजू होताना सोडून जाण्याचा विषय काढणं दोघांनाही बरं वाटत नाही. सर्वात जास्त पैसे मात्र इथेच जातात.

दुसरा घोळ स्लॅबचा. ‘एक लाखापर्यंत 2 टक्के, त्यावर 3 टक्के’ हे वाक्य स्पष्ट वाटतं, पण त्याचे दोन अर्थ निघतात. दीड लाखाची विक्री झाली तर पहिल्या अर्थाने लाखावर 2 टक्के आणि वरच्या पन्नास हजारांवर 3 टक्के, म्हणजे 3,500. दुसऱ्या अर्थाने लाखाची पायरी ओलांडली की सगळ्याच रकमेवर 3 टक्के, म्हणजे 4,500. मुलाखतीत तुम्ही दुसरा अर्थ घेता आणि अकाउंट्स विभाग पहिला. त्यामुळे दर विचारून थांबू नका, एका काल्पनिक महिन्याचा आकडा त्यांच्याकडूनच मोजून घ्या.

मग टक्केवारी कशावर, ते बघा: कर धरून की वगळून, सूट वजा करून की आधी, विक्रीवर की नफ्यावर? नफ्यावर असेल तर खरेदी किंमत आणि इतर खर्च किती धरले ते तुम्हाला दिसणार आहे का? दिसणार नसेल, तर तुमचं कमिशन तुम्हाला कधीच तपासता येणार नाही. माल परत आला किंवा ग्राहकाने करार मोडला तर दिलेलं कमिशन परत कापतात का, आणि किती महिन्यांपर्यंत? वर्गणीवर चालणारं सॉफ्टवेअर आणि विमा यांत अशी कपात सर्रास असते.

सुरुवातीच्या महिन्यांत मिळणाऱ्या ‘गॅरंटी’कडेही नीट बघा. काही ठिकाणी ती खरोखर तुमची असते. काही ठिकाणी ती आगाऊ रक्कम असते आणि पुढच्या कमिशनमधून वळती होते. दोन्ही ठिकाणी शब्द तोच असतो, ‘तीन महिने गॅरंटी’. पण तिसऱ्या महिन्यात विक्री झाली नाही, तर दुसऱ्या प्रकारात तुमच्या नावावर देणं उभं राहतं. नोकरी सोडताना ते फुल अँड फायनलमधून, म्हणजे शेवटच्या हिशेबातून, कापलं गेलं की मग कळतं.

याशिवाय टेरिटरी (तुमच्याकडे दिलेला विक्रीचा भाग), जुने ग्राहक आणि टार्गेट राहतं. एकाच ग्राहकावर दोघांनी काम केलं तर वाटणी कशी, कंपनीकडे आधीपासून असलेली मोठी खाती तुमच्या आकड्यात धरणार का, वर्षाच्या मध्ये टार्गेट बदललं तर झालेल्या विक्रीला जुना नियम की नवा, हे विचारून ठेवा. गेल्या वर्षी टीममधल्या किती जणांनी पूर्ण टार्गेट गाठलं, हेही जरूर विचारा. ‘टार्गेट झालं तर एवढे मिळतील’ या वाक्याला किती वजन द्यायचं ते त्या उत्तरावरून ठरेल.

शब्दावर रुजू होणं

याचा फायदा वेग हाच. हातात दुसरं काम नसेल, निश्चित पगार बाजारभावाएवढा असेल, विक्री रोजच्या रोज होऊन कमिशन त्याच महिन्यात मिळत असेल आणि राहतं ठिकाण बदलावं लागणार नसेल, तर नुकसान झालंच तरी एखाद्या महिन्याचं होईल. दुकानातली काउंटर विक्री यात बसते. सहा महिन्यांनी पक्की होणारी मशिनरीची ऑर्डर बसत नाही.

आणखी एक धोका इथेच असतो: तुम्हाला कर्मचारी म्हणून घेतलंय की ‘सल्लागार’ म्हणून, हेच ठरलेलं नसतं. पगाराऐवजी तुमच्याकडून बिल मागितलं, पगारपत्रक दिलं नाही, सामाजिक सुरक्षेची कपात दिसली नाही, तर पहिल्याच महिन्यात स्पष्ट विचारा. रजा, नोटीस आणि अपघाताची भरपाई या सगळ्याचं उत्तर त्यावर अवलंबून असतं.

ईमेलवर पक्कं करणं

बहुतेकांसाठी हाच मार्ग योग्य आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. छोट्या कंपनीत मालकाला लेटर काढायला वेळ नसतो, पण आलेल्या ईमेलला उत्तर द्यायला दोन मिनिटं पुरतात. मजकूर असा ठेवा:

‘आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे मी अमुक तारखेपासून अमुक पदावर रुजू होत आहे. ठरलेल्या अटी अशा आहेत. दरमहा निश्चित पगार इतका. कमिशन कर वगळून बिलाच्या रकमेवर इतके टक्के. ग्राहकाचे पैसे जमा झाल्यावर ते देय होईल आणि पुढच्या महिन्याच्या पगारासोबत मिळेल. मी नोकरी सोडल्यास तोपर्यंत नोंदवलेल्या ऑर्डरींवरचं कमिशन वसुली होईल तसं मिळेल. पहिल्या तीन महिन्यांचं टार्गेट इतकं. प्रवासखर्च बिलं दिल्यापासून इतक्या दिवसांत. नोटीस दोन्ही बाजूंनी इतके दिवस. यात काही चुकलं असल्यास रुजू होण्याआधी कळवावं. बरोबर असल्यास “मान्य” असं उत्तर द्यावं.’

हा ईमेल मॅनेजर आणि एचआर दोघांनाही पाठवा, मालक स्वतः बोलला असेल तर त्यालाही. मॅनेजरला कमिशन ठरवण्याचा अधिकारच नव्हता, हा बचाव नेहमीचा आहे. त्यांच्या बाजूने कंपनीचा पत्ता वापरा, तुमच्या बाजूने खाजगी. कारण कंपनीने दिलेलं ईमेल खातं राजीनामा दिलेल्या दिवशीच बंद होऊ शकतं. व्हॉट्सअॅपवर होकार आला तरी चालतो, पण मेसेज आपोआप पुसले जाण्याची सेटिंग चालू नाही ना ते बघा आणि चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा.

उत्तर आलंच नाही तर? गप्प राहणं म्हणजे संमती असं कायदा सहसा मानत नाही. पण त्या ईमेलनंतर त्यांनी तुम्हाला कामावर घेतलं आणि त्यातलाच पगार दिला, तर बाकीच्या अटीही तशाच ठरल्या होत्या हे सांगायला तो बराच मोठा आधार होतो. ‘हो, या, बाकी बघू’ असं मोघम उत्तर आलं तर ‘बाकी’ म्हणजे नेमकं काय ते लगेच विचारा. तिथे कमिशनच निघण्याची शक्यता जास्त.

कागदासाठी थांबणं

चालू नोकरी सोडून जाणार असाल, गाव बदलणार असाल, कमाईचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कमिशनचा असेल किंवा विक्री पक्की व्हायला महिने लागत असतील, तर थांबा. जुन्या नोकरीचा राजीनामा सही झालेलं पत्र वाचून झाल्यावरच द्या. ऑफर लेटरवर काम भागवू नका. त्यातल्या बऱ्याच अटी पुढे येणाऱ्या नेमणूकपत्रावर सोडलेल्या असतात, आणि ते पत्र रुजू झाल्यावर तुमच्यासमोर येतं. तेव्हा परत फिरायला जुनी नोकरी उरलेली नसते. मसुदा आधी मागवा.

थांबण्याची किंमतही आहे. जागा दुसऱ्याला जाऊ शकते. शिवाय लेखी करार तुमच्याच फायद्याचा असेल असंही नाही. तो कंपनीच्या वकिलाने लिहिलेला असतो आणि त्यात तोंडी बोलण्यात कधीच न आलेल्या गोष्टी येतात: कमिशनची योजना केव्हाही बदलण्याचा कंपनीचा हक्क, राजीनामा दिल्यावर थकलेलं कमिशन जप्त, ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास ट्रेनिंगचा खर्च भरून देण्याचा बॉन्ड, स्पर्धक कंपनीत जाण्यावर बंदी. ही शेवटची अट सगळीकडे सारखी चालत नाही. कॅलिफोर्नियात ती निरर्थक ठरते. भारतातही 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 नोकरी संपल्यानंतरच्या अशा बंदीला मान्यता देत नाही; इतर अनेक देशांत ती मर्यादित काळासाठी टिकते. ‘या करारात नसलेलं कोणतंही बोलणं ग्राह्य नाही’ असं वाक्य असेल तर मुलाखतीतली सगळी आश्वासनं त्या सहीबरोबर संपतात. अशा वेळी स्पष्ट ईमेल हा मोघम करारापेक्षा जास्त भरवशाचा. योजना बदलण्याचा हक्क कंपनी सोडणार नाही, पण ‘बदल पुढच्या ऑर्डरींनाच लागू, नोंदवलेल्यांना नाही’ एवढी ओळ घालून मिळते. तेवढी मागाच.

आधीच रुजू झाला असाल तर

तोच ईमेल आजच पाठवा. फक्त ‘रुजू होत आहे’ऐवजी ‘अमुक तारखेपासून काम करत आहे’ लिहा आणि ‘रुजू होण्याआधी कळवावं’ या जागी जवळची एखादी तारीख घाला. मोठी ऑर्डर अंतिम टप्प्यात असेल तर ती पक्की होण्याआधी पाठवा, कारण तेव्हा कंपनीला तुमची गरज सर्वात जास्त असते. नंतर तेच मागणं हिशेबाचा वाद होऊन बसतं.

दर ऑर्डरची स्वतःची नोंद ठेवा: ऑर्डर क्रमांक, तारीख, रक्कम, बिलाची तारीख, वसुलीची तारीख, तुमच्या हिशेबाने कमिशन. ग्राहकांची यादी, फोन नंबर किंवा दरपत्रकं मात्र घरी नेऊ नका, खाजगी ईमेलवरही पाठवू नका. गोपनीयतेचा भंग झाला असं म्हणून कंपनी उलट तुम्हालाच अडचणीत आणू शकते. आकडे आणि क्रमांक पुरेसे असतात.

पहिलं कमिशन जमा झालं की ते रकमेने बरोबर आहे का एवढंच बघू नका, कोणत्या ऑर्डरींवर, कोणत्या दराने, कशावर मोजलं त्याचा तपशील लेखी मागा. तो आला की मोजण्याची पद्धत कंपनीनेच लिहून दिल्यासारखं होतं. फरक असेल तर त्याच महिन्यात कळवा. दोन-तीन महिने तक्रार न करता कमी रक्कम घेत राहिलात, तर पुढे तीच ठरलेली पद्धत होती असं कंपनी म्हणेल.