कारवान म्हणून घेतलेलं पिल्लू आणि वीस नखांची थाप

आमचं शेत इंदापूर तालुक्यात, वस्ती गावापासून लांब. अण्णांना लहानपणापासून कारवान कुत्र्याची हौस, त्यांच्या आज्याकडं एक होतं म्हणे, सशामागं सुटलं की डोळ्याला दिसायचं नाही. म्हणून मागच्या वर्षी मी मोबाईलवर एक जाहिरात बघून पिल्लू घ्यायचं ठरवलं. माणूस बोलायला एकदम गोड, दादा दादा करत होता. प्युअर कारवान, आईबाप दोन्ही शर्यतीतले, 60 दिवसांचं पिल्लू, किंमत 14 हजार. 3 हजार आधी ऑनलाइन पाठवायला लावले.

मी म्हणलं घरी येऊन आई बघतो, तर म्हणे आई सध्या पाहुण्यांच्या मळ्यावर आहे, व्हिडिओ पाठवतो. इथंच मला कळायला पाहिजे होतं. पिल्लू त्यानं टेंभुर्णीजवळ हायवेला एका ढाब्यापाशी आणून दिलं, त्याचं घर मी आजपर्यंत बघितलेलं नाही.

तिथं त्यानं पिल्लाचं तोंड उघडून टाळू दाखवली, बघा काळी आहे, मागच्या पायाची जादा नखं दाखवली, वीसनखी आहे दादा, असलं लाखात एक निघतं. आमच्याकडं वीसनखी म्हणलं की माणूस पुढं काही विचारतच नाही, अण्णा तर तिथंच खूश झाले. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेक कुत्र्यांना 18 नखं असतात आणि मागच्या पायाला जादा नख कुठल्याही कुत्र्याला येऊ शकतं, गावठीलासुद्धा, त्याचा जातीशी संबंध नाही. काळ्या टाळूचंही तसंच.

चौथ्या दिवशी पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हागवण सुरू झाली. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा आजार. डॉक्टरांनी आधी दात बघितले आणि म्हणाले हे 60 दिवसांचं नाही, जेमतेम 35-40 दिवसांचं असेल, दुधाचे सगळे 28 दात अजून आलेले नाहीत, हे आईपासून फार लवकर तोडलंय. लसीचं कार्ड दाखवलं तर त्यावर नुसती पेनानं तारीख, बाटलीवरचं स्टिकर नाही, डॉक्टरचा सही-शिक्का नाही, म्हणजे लस दिलेलीच नव्हती. सहा दिवस सलाईन चाललं, अण्णा रात्री गोठ्यात त्याच्याजवळ बसून असायचे. वाचलं बिचारं.

कुत्रं वाढायला लागलं तसं खरं दिसायला लागलं. कारवानचे कान पडलेले असतात, तोंड लांब निमुळतं, छाती खोल आणि पोट एकदम वर गेलेलं, शेपूट लांब. आमच्याचे कान पाचव्या महिन्यात ताठ उभे राहिले, शेपूट पाठीवर गोल वळली. मी डॉक्टरांना विचारलं की मग ही नेमकी कशाची क्रॉस आहे, तर ते म्हणाले नुसतं बघून कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, आणि महिन्या-दीड महिन्याच्या पिल्लावरून तर नाहीच, त्या वयात लांब पायाची सगळीच पिल्लं सारखी दिसतात. त्याच अंदाजावर हे लोक धंदा करतात.

नंतर मी कर्नाटकात मुधोळजवळ तिम्मापूरला याच जातीचं (तिकडं तिला मुधोळ म्हणतात) जे सरकारी श्वान संशोधन केंद्र आहे तिथं जाऊन आलो, तिथली मोठी कुत्री बघितल्यावर डोळे उघडले. आधीच गेलो असतो तर! केनेल क्लब ऑफ इंडियाकडं ही जात कॅरव्हान हाउंड नावानं नोंदवतात, पेपरवर मायक्रोचिपचा नंबर असतो, तो पिल्लाच्या अंगातल्या चिपशी जुळवून बघायचा. मला पेपर नंतर येतील म्हणून सांगितलं होतं, ते कधीच आले नाहीत. आणि 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणं आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करावी लागते, हा नंबर मी मागितलाच नव्हता.

फोन केला तर आधी म्हणे खायला कमी पडलं असेल म्हणून कान उभे राहिले, नंतर नंबर ब्लॉक. कुत्रं आता आमचंच आहे, अण्णांच्या मागं दिवसभर फिरतं, त्याला कुणाला देणार नाही. पण गेल्या आठवड्यात चुलतभावाला दुसऱ्याच नंबरवरून कारवानच्या पिल्लाची जाहिरात आली आणि आईचा व्हिडिओ तोच, निळ्या पत्र्याच्या शेडपुढं लाल बाजेला बांधलेली पांढरी कुत्री, पाठीमागं चाक काढलेला ट्रॅक्टर. तो व्हिडिओ तुम्हाला आला तर एक रुपयाही पाठवू नका.